उसने कप

साहेबानं कपाला हात लावला नाही. नुसतं पेन रोखलं त्याच्याकडे.

‘हे कोणाचं?’

आईला वाटलं, कौतुकानं विचारतोय. पांढरे कप, निळी फुलं, बशीसकट. डोक्यावरचा पदर सावरत ती म्हणाली, ‘घ्या ना साहेब, गार होईल.’

‘चहा राहू दे. चिनी मातीचे कप, बसायला खुर्ची, खाटेवर नवी चादर. आणि अर्ज घरकुलासाठी?’

तेव्हा आम्ही नाशिक रोडला नाल्याकाठच्या वस्तीत राहायचो. पत्र्याचं एका खोलीचं खोपट. वडील वारलेले. आई बाजारात कांदा निवडायला जायची. नव्वदीची सुरुवात असेल, मी नववीत होते. घरकुलाच्या ऑफिसात आईनं इतके खेटे घातले की तिथला चहावालासुद्धा तिला ओळखायला लागला. शेवटी निरोप आला, पाहणीला साहेब येणार. साहेबानं हो म्हटलं की पक्क्या भिंतीचं घर. नाही म्हटलं की पुन्हा नाला.

आता पाहणी म्हणजे काय, हे आईला कोण सांगणार? तिच्या हिशेबी घरी येतो तो पाहुणा. पाहुण्याला रिकामं घर दाखवायचं नसतं. आपल्याकडे नसेल तर शेजारून आणायचं. वस्तीत त्याचा कमीपणा कुणालाच नव्हता, आज तुझ्याकडे पाहुणे, उद्या माझ्याकडे. म्हणून तिनं जमीन सारवली. शेजारच्या शकूमावशीचे लग्नात आलेले कप आणले. कोपऱ्यावरच्या भजीवाल्याची खुर्ची आणली, समोरच्या घरातून चादर आणली. तांब्यात निखारे घालून माझ्या शाळेच्या गणवेशाला इस्त्री केली.

‘साहेब, यातलं आमचं काय नाय,’ आई म्हणाली. ‘कप शकूचे हायेत, खुर्ची भजीवाल्याची. तुमी येनार म्हणून आणलं.’

साहेब सोबतच्या शिपायाकडे वळला. ‘बडा घर पोकळ वासा ऐकलं होतं. इथं वासासुद्धा उसना!’

शिपाई हसला. हसणं त्याच्या नोकरीतच बसत असावं.

‘ज्याचं त्याला देऊन ये,’ साहेब आईला म्हणाला. ‘आत्ता, माझ्यासमोर. मला खरं घर बघायचंय.’

आईनं चहा गटारात ओतला. दोन हातात दोन कप घेऊन निघाली. शकूमावशी दारातच उभी होती. ‘राहू दे गं,’ म्हणाली. आईनं मान हलवली. परत आली, खुर्ची डोक्यावर घेतली. मग चादर. दारादारात बाया उभ्या. ऊन लागू नये म्हणून साहेब आमच्याच पत्र्याखाली थांबला होता. त्याला तहान लागली तेव्हा शिपायानं पिशवीतून बाटली काढून दिली. आमचा माठ हाताच्या अंतरावर होता. अर्जावर आमची जात लिहिलेली होती. चहा का गार झाला, ते मला तेव्हा कळलं.

खरं सांगते, मला आधी राग आईचाच आला. कशाला आणलंस हे सगळं? आपल्याला शिकवलंच तसं आहे. वरच्यानं थुंकावं आणि आपण खालच्यावर चिडावं.

खोपट रिकामं झालं. ‘हां, आता बरोबर,’ साहेब म्हणाला. ‘फोटो घे रे. बाई, दारात उभी राहा. हसू नको.’

आई हसत नव्हतीच.

मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. पांढरा शर्ट, निळा स्कर्ट, इस्त्रीची घडी.

‘ही अशी फोटोत चालणार नाही. फाटकं काही नाही का हिला? ए पोरी, काढ ते. घरातलं घाल.’

मी जागची हलले नाही.

‘काढ गं बाई,’ आई हळूच म्हणाली. ‘दोन मिन्टाचं काम.’

‘ऐकू येत नाही का?’ साहेब म्हणाला. ‘आत जा आणि बदलून ये.’

मी मागे वळून बघितलं. एक खाट, एक चूल, एक माठ. दारात दोन पुरुष.

‘आत म्हणजे कुठं, साहेब?’

त्यानं शिपायाकडे बघितलं.

‘आत असतं, तर तुमच्याकडं घर मागितलं असतं का?’

आईनं माझ्या कानाखाली जाळ काढला. मला गप्प करायला नाही, घर वाचवायला. पण साहेबानं पेनाला टोपण लावलं होतं. ‘पोरीला फार तोंड आहे,’ एवढंच म्हणाला आणि गेला. घरकुल गेलं.

‘घर गेलं तुझ्या तोंडानं,’ आई संध्याकाळी म्हणाली. मला भाकरी वाढली, स्वतः जेवली नाही. मी जेवले. मला भूक होती आणि माझं काही चुकलं नव्हतं.

आई त्यावर पुन्हा कधी बोलली नाही. पण एक दिवस बोहारीण आली, तेव्हा तिनं ठेवणीतली साडी देऊन दोन कप घेतले. ‘आता कोनी इचारनार नाय, कोनाचे म्हणून,’ म्हणाली. फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवले. त्यातून कधी कुणाला चहा दिला नाही. साहेब पुन्हा आलाच नाही. काही वर्षांनी आई त्याच खोपटात वारली. नाल्याचं पाणी घरात शिरलेलं होतं. खाटेखाली पाणी आणि वर आई. मी ते विसरणार नाही. कुणाला विसरूही देणार नाही.

पुढं दोन हजार सालानंतर पुन्हा पाहणी लागली. खोपट तेच, आता अर्ज माझ्या नावाचा. या वेळचा साहेब तरुण होता, गोड बोलणारा. मी इस्त्रीची साडी नेसले होते. आईचे कप काढले. त्यानं चहा घेतला, मग कॅमेरा काढून म्हणाला, ‘ताई, फोटोपुरती एखादी जुनी साडी नेसता का? केस मजबूत होते.’

म्हणजे माणसं बदलली, भाषा बदलली. मागणं तेच.

‘नेसते की,’ मी म्हणाले. ‘आत जाऊन नेसते. आत कुठंय, तेवढं दाखवा.’

त्यानं चारी बाजूंना बघितलं. मान खाली घातली. फोटो निघाला तो इस्त्रीच्या साडीतला, हातात आईचा कप.

घर अजून मिळालेलं नाही. मी ऑफिसात जाते, बाकावर बसते, उठवलं तरी उठत नाही. आणि वस्तीत कुठंही पाहणी लागली की आदल्या दिवशी दारोदार फिरते. बायांनो, चांगली साडी नेसा, चांगले कप काढा, उसने असले तरी काढा. पोरांना फाटकं घालू नका. कप कोणाचे विचारलं तर सांगा, आमच्या वस्तीचे.

घर आम्ही मागणार आणि घेणार. फाटकं नेसून नाही.