पिवळ्याला धाप लागली तेव्हा

आधीच सांगते, या सदरातले अनुभव मी वाचते ते करमणूक म्हणून. विश्वास शून्य. माझं कामच खोटे आवाज तयार करण्याचं आहे, त्यामुळे दाराची करकर, कुणाचा तरी उसासा, असलं काही वाचलं की मला आधी माइक आठवतो. तरीही आज लिहितेय, कारण हे मनात ठेवून ठेवून माझं डोकं फुटायची वेळ आलीय. आणि हो, लिहिताना मी चिडलेली आहे. भाषा सांभाळून घ्या.

मी परंड्याची. बसस्टँडच्या रस्त्याला वडिलांचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून द्यायचं दुकान आहे. वर दोन खोल्या, त्यातली मागची माझी. पुण्याच्या एका छोट्या गेम कंपनीसाठी मी घरूनच काम करते. चौघांनी मिळून खेळायचा गेम… किल्ल्यावर चढायचं, ओझं न्यायचं, समोरच्या टोळीच्या आधी पोचायचं. जास्त पळालात तर तुमचा गडी दमतो. आता तो दमलाय हे बाकीच्यांना कळायचं कसं? पडद्याच्या कोपऱ्यात प्रत्येकाचा दम दाखवणारी पट्टी असते, पण सारखं तिच्याकडं कोण बघणार? म्हणून गड्याचे खांदे पडतात, तोंड उघडतं, हात गुडघ्यांवर येतात, पाय घासत चालतो. आणि धाप ऐकू येते. जवळच्या सोबत्याला येते, जवळ लपलेल्या शत्रूलाही येते. हालचाली पुण्यातला इम्रान करायचा, धाप मी.

ती धाप माझीच होती. जिन्यावरून वरखाली पळायचं, धावत येऊन अंगावर गोधडी घ्यायची आणि माइकसमोर श्वास सोडायचा. शेजारच्या काकूंनी आईला एकदा विचारलंसुद्धा, "पोरीला दमा हाय का वो?" थोडं दमणं, जास्त दमणं, पार गळून जाणं, असे तीन प्रकार मी भरून दिले होते. गेममध्ये चौथा प्रकार नव्हता. हे लक्षात ठेवा.

आता माझ्या बहिणीबद्दल. सुरेखाआक्का, माझ्याहून मोठी. वाशीच्या पुढं शेतातल्या वस्तीवर दिलेली. जमीन बरी, घरात चार माणसं, आणि काम करणारी ही एकटी. दिवाळीला आली होती तेव्हा जिना चढताना मध्येच थांबली. मी म्हणाले, "आक्का, डॉक्टरला दाखवू." आई म्हणाली, "संसारात माणूस दमतंच. आमी न्हाय का दमलो?" मी दाजींनाही फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "रक्ताच्या गोळ्या दिल्यात की." विषय संपला. माझा नाही, त्यांचा.

त्या दिवशी सकाळपासून आमची चाचणी चालू होती. मी परंड्यातून, इम्रान पुण्यातून, केदार नावाचा मुलगा नाशकातून. चौथा खेळाडू आलाच नव्हता, त्याचं नेट गेलं होतं. त्याचा पिवळ्या अंगरख्यातला गडी सुरुवातीच्या भिंतीजवळ नुसता उभा होता. त्याला कुणी चालवत नव्हतं.

आम्ही तिघं किल्ल्यावरून परत त्या भिंतीजवळ आलो आणि हेडफोनमध्ये धाप ऐकू आली.

केदार म्हणाला, "ताई, पिवळ्याचा आवाज काय भारी केलाय! अंगावर आला राव."

"पिवळा पळालाच नाही," मी म्हटलं.

त्याची दमाची पट्टी पूर्ण भरलेली होती, म्हणजे तो जराही दमलेला नव्हता. न पळालेला, न चाललेला गडी धापा टाकत होता. आणि ती धाप माझी नव्हती. श्वास आत जायचा, मध्ये अडकायचा, बारीक शिट्टीसारखा वाजायचा, आणि सोडताना शेवटी दबकं "हं" यायचं. आपलं कण्हणं कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून माणूस ओठ मिटून घेतं ना, तसं.

मग पिवळा बसला. उकिडवा. एक तळवा जमिनीवर टेकलेला, दुसरा हात छातीवर डाव्या बाजूला दाबलेला, आणि तोंड भिंतीकडं फिरवलेलं.

इम्रान म्हणाला, "शुभा, हे बसणं मी केलेलं नाही. माझ्याकडं गडी फक्त गुडघ्यावर हात ठेवतो. हे कुणी घातलं?"

ते "हं" मी ओळखलं होतं. लहानपणी आम्ही दोघी एका अंथरुणात झोपायचो. ताप आला की आक्का असंच करायची, आईची झोप मोडू नये म्हणून.

पिवळ्यानं उठायचा प्रयत्न केला. उठता आलं नाही त्याला.

मी हेडफोन फेकला आणि आक्काला फोन लावला. उचलला तिच्या सासूनं.

"मावशी, आक्काला द्या जरा."

"ती कामात हाय."

"दोन शब्द बोलू द्या फक्त. बरी हाय ना ती?"

"काय धाड भरलीय तिला? सोयाबीन पडलंय सगळं खळ्यावर, अन् तुमचं फोनवर फोन." आणि कट.

आई म्हणाली, "सारखं लेकीच्या घरी फोन करून तिचं जिणं अवघड करू नको." मी चप्पल घालून खाली उतरले. वडिलांना काय सांगावं हेच कळेना. गेममधल्या बाहुलीला आक्कासारखी धाप लागलीय, असं सांगू? मी एवढंच म्हटलं, "आप्पा, आक्काला बरं न्हाय. मला वाशीला जायचंय."

आप्पा एका मोटारीत तार भरत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, हात पुसले, शटर ओढलं. "बस गाडीत."

भूममार्गे जाताना मी मध्ये तीनदा फोन लावला, कुणी उचलला नाही. रस्ताभर मला वाटत होतं, की आक्का दारात हसत उभी असावी आणि मी मूर्ख ठरावं. असा मूर्खपणा मला चालला असता. खूप चालला असता.

वस्तीवर पोचलो तर दाजी बाजेवर मोबाइल बघत पडलेले. सासू खळ्यावर शेंगा गोळा करत होती.

"आक्का कुठंय?"

"गोठ्यामागं असल," दाजी उठूनही बसले नाहीत. "या की आप्पा. च्या ठेवायला सांगतो तिला."

चहा ठेवायला सांगतो तिला! हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.

गोठ्यामागं भिंतीला शेणाची पाटी कलंडलेली. तिच्याशेजारी आक्का उकिडवी बसलेली. एक तळवा जमिनीवर. दुसरा हात छातीवर, डाव्या बाजूला. तोंड भिंतीकडं. ओठ निळसर, कपाळावर घामाचे थेंब… आणि तोच आवाज. शिट्टी. मग "हं".

मी तिच्याजवळ बसले. तिनं मान वळवली, मला बघितलं, आणि पहिलं काय केलं असेल? पदर सारखा केला.

सासू मागून आली. "काम निघालं की हिचा दम सुरू. सगळी नाटकं."

आजवर मी कुणा वडीलधाऱ्याला उलट बोललेले नाही. त्या दिवशी बोलले. "मावशी, नाटक बघायला माणसं लागतात! भिंतीकडं तोंड करून कोण नाटक करतं?"

दाजी आले होते एव्हाना. मी विचारलं, "दाजी, बाज इथून किती लांब हाय? तुमाला हे ऐकू येत न्हाय?"

ते शांतपणे म्हणाले, "येतं की. ती बसती जरा वेळ, मग उठती. सवय हाय तिला."

सवय! म्हणजे ऐकू येत होतं. रोज येत होतं. मला वाटलं होतं त्यांना कळलं नसेल… तेवढी सवलत मी मनातल्या मनात त्यांना देत आले होते. तीही त्यांनी ठेवली नाही.

आप्पांनी तिला उचललं. म्हातारा माणूस, पण कुणाला हात लावू दिला नाही. बार्शीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप अरुंद झालीय, फुप्फुसात पाणी भरलंय, असं एका दिवसात होत नाही. "केव्हापासून त्रास आहे?" मागून आलेले दाजी म्हणाले, "आजच." मास्क लावलेल्या आक्कानं डोळे मिटून घेतले. डॉक्टर आप्पांना बाजूला घेऊन म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर मग आणायची गरज पडली नसती.

पुढं सोलापुरात फुगा घालून झडप उघडली. आक्का वाचली. आता परंड्यात आहे, आमच्याजवळ.

कंपनीतल्यांनी सगळं तपासलं. तशी धाप कुठल्याच फोल्डरमध्ये नाही. तसं बसणं हालचालींच्या यादीत नाही. चौथा खेळाडू जोडलाच गेला नव्हता, त्यामुळं त्याच्या माइकमधून आवाज यायचाही प्रश्न नाही. पण केदारनं स्क्रीन रेकॉर्ड केला होता. त्यात पिवळा बसलेला दिसत होता, धाप ऐकू येत होती. आक्का दवाखान्यात असतानाच आमच्या मॅनेजरचा फोन आला.

"शुभा, कुठून आलं ते बघू नंतर. पण काय इफेक्ट आहे! रेकॉर्डिंगमधून कापून घे आणि गेमच्या साउंड पॅकमध्ये टाक. लोक वेडे होतील."

मी म्हटलं, "सर, तो माझ्या बहिणीचा श्वास आहे."

"अगं, कुणाचा का असेना. आवाज आवाज असतो."

मी तिथंच नोकरी सोडली. रात्री केदारचा मेसेज आला, "ताई, रेकॉर्डिंग मी उडवलं. सरांना सांगितलं फाइल करप्ट झाली." कधी न भेटलेला पोरगा तो. तर आता पुरावा नाही. तुम्ही खाली प्रतिक्रियांत लिहा खुशाल, की नेटची गडबड असेल, प्रोग्रॅममधली चूक असेल, बाईच्या मनाचे खेळ असतील. इम्रान आणि केदारनंही तेच बघितलं, एवढंच सांगते.

मागच्या आठवड्यात दाजी आक्काला न्यायला आले. पेरा तोंडावर आलाय म्हणे. आईनं पोहे केले. हो, पोहे! आप्पांनी बशी त्यांच्यासमोरून उचलली आणि म्हणाले, "सुरेखा येणार न्हाय. तुमी निघा." आई अजून आप्पांशी नीट बोलत नाही.

ते गेल्यावर आक्का माझ्या खोलीत येऊन बसली. मी तिला पिवळ्याचं सगळं सांगितलं. तोवर सांगायचा धीर झाला नव्हता. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. घाबरली नाही, नवलही वाटलं नाही तिला.

मी म्हटलं, "तू मला हाक मारली असशील, आक्का. मनातल्या मनात. म्हणूनच मला ऐकू आलं."

तिनं थोडा विचार केला. खोटं बोलायची सवय नाही तिला.

"न्हाय गं," ती म्हणाली. "म्या कुणालाच हाक मारली न्हाय. कुणी येईल असं वाटतच न्हवतं."

मग मला कुणी ऐकवलं, ते मला आजही ठाऊक नाही.