अण्णांचे तीन थांबे

करकंबच्या आमच्या वस्तीपासून एसटी स्टँड मैलभर. १९७३ साली मी शिकायला अमेरिकेला निघालो, तेव्हा तेवढ्या वाटेवर अण्णा तीनदा थांबले. आधी बाभळीपाशी, मग ओढ्याच्या पुलावर, मग शाळेच्या कुंपणाशी. माझी ट्रंक सायकलला बांधलेली. दर वेळी अण्णा कुणाचा तरी ऊस न्याहाळत उभे राहायचे आणि म्हणायचे, "गाडीला येळ हाय की रं." मला वाटलं, मला निरोप देववत नाही म्हणून आपला बाप वाट लांबवतोय. त्या एका समजुतीवर मी परदेशातलं पहिलं वर्ष काढलं.

ओहायोतल्या लॅबमध्ये माझ्यापुढे एक काचेची नळी होती. पोटातली मोठी धमनी दोन्ही पायांकडे फुटते, तसे तिला दोन फाटे. पंपाने पाणी सोडायचं, त्यात रंग टाकायचा आणि बघत बसायचं. फाट्याच्या मधल्या नाकावर पाणी आपटून जोरात पुढे जाई, बाहेरच्या कडेला मात्र रंग रेंगाळे. रक्तातली चरबी अशाच रेंगाळत्या जागी साचत असावी, असं आमच्या प्रोफेसरांचं मत होतं. तिथे त्यावरून वाद रंगत. मला काही ते नवं वाटेना. उसाला पाणी देताना अण्णा पाटाच्या फाट्यावर नेमका तिथलाच गाळ काढायचे. "नाकावर न्हाय बसत गाळ. पानी रेंगाळतं तितं बसतो," म्हणायचे. एकदा मी फाटा अगदी काटकोनात काढला, तर माझी चांगली खरडपट्टी निघाली होती.

मग एका दुपारी पायाची धमनी अरुंद झालेल्या माणसांबद्दल वाचत होतो. ठरावीक अंतर चाललं की पोटरी भरून येते, थांबलं की बरं वाटतं, पुन्हा तेवढंच अंतर. मी पुस्तक मिटलं. बाभळ, पूल, शाळा. तिन्ही टप्पे सारखेच होते. अण्णा माझ्यासाठी थांबलेच नव्हते. खरं सांगतो, आधी मला स्वतःचंच वाईट वाटलं, आणि मग फार लाज वाटली. माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, तुम्हीही तुमच्या माणसांचे थांबे एकदा आठवून बघा.

धाकट्या बहिणीला, कमलला, लिहिलं की अण्णांना सोलापूरला दाखव. तिचं उत्तर आलं तीन आठवड्यांनी. पावलात नाडी लागत नाही, बिडी सुटली नाही तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. अण्णा दवाखान्याच्या दारातच पुन्हा बिडी पेटवून मोकळे झाले होते.

मग मी अण्णांनाच पत्र लिहिलं आणि त्यात पाटाच्या फाट्याचं चित्र काढलं. पायांकडे जाणाऱ्या रक्ताच्या वाटेलाही असाच फाटा असतो; त्याची घडण प्रत्येकाची वेगळी, ती जन्माची, आपल्या हातात नाही. बिडीने गाळ वाढतो, ती आपल्या हातात आहे. आणि रोज दुखेपर्यंत चालून, थांबून, पुन्हा चाललं, तर बाजूच्या बारीक वाटा हळूहळू रुंद होतात, पायाला रक्त पोचतं. एवढंच लिहिलं.

उत्तराचं अक्षर कमलचं, शब्द अण्णांचे. "फाट्याचं समजलं. डाक्टर नुस्तं बिडी सोडा म्हनला, कशापायी ते न्हाय बोलला. सोडली. तुजा फाटाबी माज्यावानीच असंल, तवा तू सिगारेट सोड." मी सिगारेट ओढतो हे त्यांना कुणी सांगितलं, मला अजून कळलेलं नाही. पण सोडली.

सत्याहत्तरला महिनाभर घरी आलो. परतताना अण्णा सोडायला निघाले. बाभळ गेली, पूल गेला, शाळेचं कुंपणही मागे पडलं. मी पावलं मोजत होतो. स्टँड दिसायला लागला आणि अण्णा थांबले.

"दुखतंय का, अण्णा?"

"न्हाय रं. पायाला कायबी झालं न्हाय. जरा हुबं ऱ्हाऊ. गाडीला येळ हाय की."

इथे अमेरिकेत कुणी घर कुठलं विचारलं की मी करकंब सांगतो. डोळ्यांपुढे मात्र येते ती स्टँडच्या अलीकडची जागा, जिथे पाय दुखत नसताना अण्णा माझ्यासाठी थांबले.