हिरव्या खुणेखालची ओळ

नोकरीतली बरीच प्रकरणं विसरलो. दर्यापूरला ठाणेदार असतानाचं हे एक मात्र काही केल्या विसरता येत नाही.

एक निवृत्त मास्तर ठाण्यात आले. बायकोला किडनीचा आजार. रक्तवाढीची महागडी इंजेक्शनं ते अमरावतीच्या एका दुकानातून आणत. "साहेब, इंजेक्शन चालूच हायेत, पण रक्त काई वाढून नाई राह्यलं. माल डुप्लिकेट त नसंन?"

ती इंजेक्शनं बनवणाऱ्या कंपनीनं तेव्हा नवीनच ब्लॉकचेन आणलं होतं. कारखान्यातून निघालेली डबी जिथं जिथं पोहोचेल तिथली नोंद होणार, आणि झालेली नोंद कोणालाही पुसता येणार नाही. आमच्या हवालदारानं मोबाइलवर मास्तरांनी आणलेल्या डबीचा कोड स्कॅन केला. हिरवी खूण आली. माझ्यापुढं बंदोबस्ताचे कागद पडले होते, डोकं उठलं होतं. म्हणालो, "मास्तर, माल असली आहे. निर्धास्त जा." स्टेशन डायरीत साधी नोंदही घेतली नाही.

तीन आठवड्यांनी एका भंगारवाल्यानं खबर दिली. अकोल्याच्या एका खासगी रुग्णालयातून कोणीतरी औषधांच्या रिकाम्या डब्या आणि बाटल्या धड अवस्थेत उचलत होतं. मला मास्तर आठवले. हवालदाराच्या मोबाइलमध्ये त्या दिवशीचं पान अजून होतं. या वेळी खालपर्यंत वाचलं. शेवटची नोंद अकोल्याच्या त्याच रुग्णालयाची होती. मग डबी अमरावतीच्या दुकानात आली कशी?

त्या रुग्णालयाच्या वॉर्डातला कामगार तासाभरात बोलला. अशी माणसं दरडावलं की गप्प होतात, चहा पाजला की बोलतात. "साहेब, म्या त रिकाम्याच डब्या देल्ल्या. औषध थोडीच चोरलं?" त्याला ते खरंच वाटत होतं. डबी असली, कोड असली, आत मिठाचं पाणी. औषध निरीक्षकांना सोबत घेऊन दुकानावर छापा घातला, पंचनामा केला, तिघांना अटक केली.

मास्तरांना सांगायला मी स्वतः गेलो. बाई आठ दिवसांपूर्वीच गेल्या होत्या.

"ती नोको म्हने, साहेब," मास्तर म्हणाले. "मीच म्हटलं, ठाणेदार सायबानं पाह्यलं हाय, घे."

आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

अशा यंत्रांनी नकली औषधं थांबतील का, असं लोक आता विचारतात. यंत्रानं मला सगळं सांगितलं होतं. शेवटची ओळ वाचायला मी वेळ दिला नाही, आणि त्या बाईनं माझ्या शब्दावर हात पुढं केला.