बरणी रिकामी द्यायची नसते

सुचेताबाई देवतळ्यांना उभ्या जन्मात कुणी फसवलं नव्हतं. निदान त्या तसं सांगत. नागपूरच्या महाल भागात वाढलेल्या ह्या बाई लग्न होऊन भोपाळला आल्या त्याला आता जमाना झाला, पण बोहारणीशी घासाघीस करायची कला काही त्या माहेरी ठेवून आल्या नव्हत्या. दोन जुन्या पँटींवर बादली, आणि वर एक झारा. बोहारीण रडकुंडीला येई, "भाभीजी, अब मेरी टोकरी भी रख लो" म्हणे, आणि महिन्याभराने पुन्हा त्यांच्याच दारात टोपली उतरवी. अशा बाईला मोबाइलवरच्या एका खेळाने पहिल्याच दिवशी नागवलं, हे कोटरा वस्तीच्या भिशीतल्या बायकांना कळतं तर त्या हसून हसून लोळल्या असत्या. म्हणून त्यांनी ते घराबाहेर कुणाला सांगितलं नाही.

आता ह्या वयात खेळ कशाला, असं तुम्ही विचाराल. अहो, हौस म्हणून नव्हेच! त्यांचा मुलगा तुषार असल्याच खेळांपायी घरातून गेला होता. बरखेड्याच्या ज्या मोठ्या कारखान्यात त्याच्या वडिलांनी, सुधाकररावांनी, सगळी हयात घालवली, तिथेच तुषार इंजिनिअर म्हणून लागला. पेढे वाटून झाले, लग्न झालं, सून मेघा घरात रुळली, आणि एके दिवशी पोरगा म्हणतो काय, तर नोकरी सोडली! का? तर खेळातल्या वस्तूंची खरेदी-विक्री करणार. खेळातली तलवार, खेळातली गाय, खेळातलं झाड. हात लावायला जावं तर बोटाला नुसती काच लागते, असल्या वस्तू. सुधाकरराव आधी हसले, मग ओरडले, आणि शेवटी म्हणाले, "खोट्या मालाचा धंदा करणारा माणूस माझ्या घरात नको."

तुषार "बरं" म्हणाला. मेघाला घेऊन हैदराबादला जातो असं सांगून गेला, तो गेलाच. तीन वर्षं झाली. फोन नाही, दिवाळी नाही, काही नाही.

त्याने नोकरी सोडली त्या दिवसांत आणखी एक गंमत झाली, गंमत कसली डोंबलाची. शेजारच्या सक्सेना भाभींनी विचारलं, तेव्हा डोकं ठिकाणावर नसलेल्या सुचेताबाई बोलून गेल्या, "तुषारने राजीनामा कर दिया." भाभींनी टाळी वाजवली. "अरे वाह, बधाई हो! चलो, घर में शांति हुई." इकडच्या हिंदीत राजीनामा म्हणजे समेट! सुचेताबाई दार लावून आत आल्या आणि भिंतीला टेकून उभ्याच राहिल्या. समेट म्हणे!

तर, पोराने असं काय पाहिलं त्या खोट्या मालात, हे एकदा बघावं असं त्यांच्या मनात घोळत होतं. त्यांची मुलगी गौरी इंदूरला दिलेली. ती माहेरी आली तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "का गं, तो विकतो ते मला दाखवशील?" गौरीने आधी बाबा आसपास नाहीत ना, ते पाहिलं. मग तिने आईच्या मोबाइलवर एक खेळ घातला. "आई, ह्यात पुष्कळ गावं आहेत. पण तू ह्याच गावात राहा हं, इथली माणसं बरी आहेत." आणि नाव काय ठेवलं आईचं? 'संत्रा'! आईचं माहेर नागपूर, म्हणून.

खेळ तसा निरुपद्रवी. प्रत्येकाला एक घर, एक शेत. पिकवा, रांधा, वस्तू बनवा आणि बाजारात नेऊन अदलाबदल करा. सौदा करताना दोन चौकोन दिसतात. एकात आपण काय देणार ते, दुसऱ्यात समोरचा काय देणार ते. दोघांनी हिरवा अंगठा दाबला की झाला सौदा. नव्या माणसाला खेळाकडून एक पितळी कड्यांचा झोपाळा भेट मिळतो, तो पुन्हा कधी मिळत नाही. सुचेताबाईंनी तो दारात टांगला आणि दुपारच्या चहाच्या वेळी त्याच्याकडे बघत बसू लागल्या.

मग कुणी एक 'राजाबाबू' आला. झोपाळ्याच्या बदल्यात गाय देतो म्हणाला. चौकोनात गाय उभी केली, पांढरीशुभ्र, गळ्यात घंटा. "जल्दी आंटी, जल्दी, और भी ग्राहक हैं." बाईंनी अंगठा दाबायला बोट नेलं, तेवढ्यात त्या मेल्याने गाय काढली आणि तिथे मुळा ठेवला. बोट पडून गेलं होतं. झोपाळा गेला, हातात मुळा!

"अगं बाई गं!" सुचेताबाई एवढ्यांदा ओरडल्या की सुधाकरराव वर्तमानपत्र टाकून धावत आले.

"काय झालं? भाजलं का?"

"मुळा दिला हो मला. गाय दाखवून मुळा दिला!"

सुधाकररावांनी मोबाइलकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "तूसुद्धा?" एवढंच म्हणून ते परत गेले. नंतर त्या खेळाचं त्यांनी नाव काढलं नाही, की त्या मोबाइलकडे ढुंकून पाहिलं नाही. सुचेताबाईंच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं होतं. खोट्या झोपाळ्यासाठी आपल्याला खरंच रडू येतंय, हे बघून त्या स्वतःच चाट पडल्या.

गौरीने फोनवर धडे दिले. अंगठा दाबण्याआधी चौकोन पुन्हा बघायचा. बाजारातल्या फळ्यावर भाव लिहिलेला असतो, तो वाचल्याशिवाय माल काढायचा नाही. आणि जो घाई करतो तो चोर समजायचा.

"हे तू मला शिकवतेस?" सुचेताबाई म्हणाल्या. "बोहारणीने बुडाला पोचा आलेलं पातेलं कधी खपवलंय का माझ्याकडे?"

"मग आई, तीच अक्कल इथे लाव की!"

लावली. फळा वाचला तेव्हा कळलं, की गावात लोणचं कुणी घालतच नाही, कारण ते मुरायला वेळ लागतो आणि पोरांना दम नाही. बाईंनी शेतात कैऱ्या लावल्या, बरण्या भरल्या, आणि मुरल्याशिवाय एकही बाहेर काढली नाही. मग काय विचारता! 'संत्रा'चं लोणचं म्हटल्यावर दारात रांग लागली. बाईंनी दोन शेळ्या घेतल्या, विहीर बांधली. आणि मध घ्यायला त्या 'उस्ताद' नावाच्या एका दुकानदाराकडे गेल्या.

हा उस्ताद म्हणजे पक्का बनेल. लिहिण्याची ढब अस्सल भोपाळी, उठता-बसता 'खां'; जुन्या शहरातला कुणी पिकलेला व्यापारी असणार असं बाईंनी धरलं.

"को खां, एक बरनी शहद, चार बरनी अचार."

"चार? दो. और ऊपर से नींबू का पौधा."

"लूट मची है क्या खां?"

"नहीं देना तो रहने दो. मैं चली."

दोन पावलं गेल्या असतील नसतील, तेवढ्यात उस्तादने लिंबाचं रोप पुढे केलं. बाई अश्शा खूश झाल्या! किती दिवसांनी बरोबरीचा गडी मिळाला होता.

मध बरणीतून मिळायचा, पण बरणी दुकानदाराची. मध संपला की ती परत करायची, असा तिथला नियम. दुसऱ्या दिवशी दुपारी सुचेताबाईंनी परत करायला बरणी उचलली आणि त्यांचा हात थबकला. रिकामी? शेजारणीची वाटी असो की जावेचं पातेलं, त्यांच्या घरातून भांडं कधी रिकामं परत गेलं नव्हतं. चिमूटभर का होईना, काहीतरी घालूनच द्यायचं. त्यांनी शेतातल्या उसाची साखर केली होती, ती बरणीत घातली. वर एक लवंगही टाकली, मुंग्या लागू नयेत म्हणून. त्यांच्या आईच्या साखरेच्या डब्यात लवंग असायची, त्यांच्याही असते. सवयच ती. बरणी पाठवली.

उस्तादचं लगेच आलं, "खां, बरनी खाली भेजते हैं. इसमें कुछ है."

"शक्कर है. बर्तन खाली नहीं लौटाते."

"और ये लौंग?"

"चींटी ना लगे इसलिए."

समोरचा लिहितोय हे दाखवणारी तीन टिंबं उमटायची आणि विझायची, पुन्हा उमटायची. बाईंना वाटलं, चिडला वाटतं म्हातारा. गॅसवर दूध होतं, ते बघायला त्या उठणार, तेवढ्यात पडद्यावर अक्षरं आली. मराठीत.

"खेळात मुंग्या नसतात, आई."

दूध उतू गेलं, गॅस विझला, जळका वास घरभर झाला, पण सुचेताबाई जागच्या हलल्या नाहीत. पुन्हा पुन्हा ती ओळ वाचत राहिल्या. गौरी 'ह्याच गावात राहा' का म्हणाली होती, ते आत्ता डोक्यात शिरलं. कारटी! सगळं ठाऊक होतं तिला.

त्यांनी लिहिलं, "तुषार?"

"हो."

"हैदराबादला कसा आहेस रे बाळा?"

"हैदराबादला गेलोच नाही. कोलार रोडला राहतो."

कोलार रोड! म्हणजे ह्याच गावात, खेळातल्या नव्हे, ह्याच भोपाळात. त्या गेल्या महिन्यात तिथे भिशीतल्या दिघ्यांच्या वास्तुशांतीला जाऊन जेवून आल्या होत्या! कुठल्या गल्लीत होता पोरगा तेव्हा? कदाचित रिक्षाच्या शेजारून गेला असेल. देवा रे, असं कसं केलंस?

पुन्हा टिंबं आली. ह्या वेळी बराच वेळ होती.

"आई, अबोली चालायला लागली."

सुचेताबाईंना कळेना. "कोण अबोली?"

"माझी मुलगी."

नात. झाली कधी? कुशीवर वळली कधी, रांगली कधी? बाळंतिणीला डिंकाचे लाडू कुणी केले? मेघाच्या पायाला तेल कुणी लावलं? काहीही न कळता, काहीही न करता त्या आजी झाल्या होत्या, आणि नात चालूसुद्धा लागली होती. त्यांनी पदर तोंडात कोंबला.

जळका वास नाकात गेल्यावर सुधाकरराव आतून आले. त्यांनी शेगडीचं बटण बंद केलं, खिडकी उघडली आणि बायकोकडे बघून त्यांचा आवाज चढला. "पुन्हा फसवलं ना कुणीतरी? तरी मला वाटलंच होतं!"

"तुषारची मुलगी चालायला लागली," सुचेताबाई म्हणाल्या.

"कुणाची?"

"आपल्या तुषारची, हो. अबोली नाव आहे. इथेच आहेत ते, कोलार रोडला."

सुधाकरराव जवळ आले. "कुणी सांगितलं तुला?"

"त्यानेच. ह्याच्यात."

सुचेताबाईंनी मोबाइल पुढे केला. खोट्या गावातलं खोटं दुकान, खाली पोराच्या ओळी, आणि तीन टिंबं अजून उमटत होती, विझत होती. सुधाकररावांनी खिशातून चष्मा काढला. तो लावायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. बराच वेळ ते वाचत राहिले. मग बायकोशेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "ह्यात लिहायचं कुठे असतं गं?"