मधल्या नळीतला गाळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आमच्या सरांनी दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रावर जुन्या काळातली एक बर्फाची पडवी शोधून काढली. ती त्यांना सापडली नाही. ती मी तिथे घातली. मी आणि मामीनं.

पन्नास-साठच्या मधली ती वर्षं. एका कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी मदतनीस होतो. दगड पुसायचे, चिठ्ठ्या चिकटवायच्या, सरांचा चहा आणायचा. सरांना वेड समुद्राच्या तळाच्या गाळाचं. समुद्र कॉलेजपासून रात्रभराच्या गाडीवर, आणि बर्फ सरांनी पाहिला असेल तो फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर. पण परदेशातल्या एका जहाजाशी त्यांनी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला आणि शेवटी त्या लोकांनी पार दक्षिणेकडच्या तळातून काढलेला हातभर गाळ मुंबईला पाठवला. पत्र्याच्या तीन नळ्या, तोंडाला मेण: वरची, मधली, खालची.

"हे पाहा," त्या आणायला मला मुंबईला धाडताना सर म्हणाले, "तिकडे जमिनीवरचा बर्फ सरकत सरकत समुद्रावर येतो आणि पडवीसारखा तरंगत राहतो. अंगणात ऊन, म्हणून उघड्या पाण्यात बारीक जीव वाढतात, मेले की त्यांची कवचं तळाला बसतात. पडवीखाली अंधार, तिथे कवचं जवळजवळ नाहीत. आणि बर्फ तुटून वितळला की त्यातले खडे खाली पडतात. गाळ थराथरानं वाचला की पडवी कधी होती, कधी मोडली, सगळं कळतं. नळ्या मांडीवरून खाली ठेवू नका. आणि वाटेत कुठेही उतरू नका."

मी नंदुरबारला उतरलो.

दुसऱ्या दिवशी पोळा होता. सारंगखेड्याच्या अलीकडे तापीकाठी मामाचं गाव. आईमागे मामा-मामींनीच मला वाढवलेलं, आणि पोळ्याला गेलो नाही तर मामी वर्षभर टोमणे मारायची. नळ्या पोत्यात गुंडाळून मी दारात उभा राहिलो.

"उना का साहेब!" मामी म्हणाली. "नई म्हटलं यंदा कालेजनी माय भेटनी तुले. हाई काय शे?"

आता इथे माझा गुन्हा आहे. मला झोप आली होती, आणि थोडी ऐटही होती की हिला काय सांगायचं. म्हणालो, "काही नई मामी. माटी शे. नुसती माटी."

सकाळी उठलो तेव्हा पाटावर मातीचे चार बैल उभे. हिरवट करडे, गुळगुळीत, शिंगं कशी एकसारखी.

"नदीले पूर शे," मामी हात धुता धुता म्हणाली, "घाट बुडी ग्या, काठनी माटी कोठून आनू? वावरनी काळी तं सुकताच तडकस. मंग तुन्ही लिधी. वरली नळीले वास मारस, खालनीमा खडाच खडा. मधली मातर लोनी जशी!"

वरच्या थरात वास, खालच्यात खडे, मधला वेगळा. जे वाचायला सरांना पुढे दोन वर्षं लागली ते मामीनं चूल पेटायच्या आत वाचलं होतं. रिकाम्या नळीचं तोंड तिनं कणकेनं बंद केलं होतं. नीटनेटकी बाई.

मी म्हटलं, बैल भिजवून गाळ परत भरतो. मामी पाटासमोर आडवी उभी राहिली. "हळदकुंकू लाई टाकं मी! आते तो देव शे. पूजाआधी देव मोडशी? पाप लागी!" मामाही म्हणाला, पूजेपर्यंत थांब, मग काय करायचं ते कर. मी थांबलो. मी आयुष्यात थांबायचंच काम केलेलं आहे.

तोवर बैल वाळले आणि त्यांच्या पाठीवर मीठ फुटलं, पांढरं, जणू झूल घातली. मामीला फार आवडलं. दुपारी मामानं खरा बैल रंगवून, घुंगरू बांधून दारात आणला. मामीनं त्याच्या पायांवर पाणी घातलं, पुरणाची पोळी पुढे केली. त्यानं पोळी हुंगली, मान वळवली, पाटावरच्या एका मातीच्या बैलाची पाठ चाटली. मग त्याला खाल्लं. आम्ही तिघं बघत राहिलो. सणाच्या दिवशी बैलाला मारायचं नाही, ओरडायचं नाही, तो मागेल ते द्यायचं. त्यानं चारही मागितले.

"देवनी देवले खादं," मामा हात जोडून म्हणाला. "इतला गोड पोळीना निवद बी नई लागना त्याले."

मी ओट्यावर बसून रडलो. मोठा माणूस, नोकरीवाला. मामा जवळ येऊन बसला. "अरे भाचा, माटीच व्हती ना? पूर उतरना की काठना नवा गाळ भरी दे. तापीना गाळ शे, काही ऐरागैरा नई! तुन्हा साहेबले काय समजी?"

पूर उतरला. मी काठावरचा ताजा गाळ फडक्यातून गाळला आणि मधल्या नळीत दाबून भरला. सर गाळाचा कण दातांखाली धरून पाहतात हे आठवलं, म्हणून त्यात मीठ कालवलं. बेताचं झालंय का, ते मामीनं चाखून सांगितलं.

सरांनी चाखलं. डोळे मिटले. "समुद्र," म्हणाले.

पुढे सूक्ष्मदर्शकाखाली वरच्या नळीत कवचंच कवचं, खालच्या नळीत खडे, आणि मधल्या नळीत समुद्रातलं एकही कवच नाही. एकही! सर खुर्चीवरून उठून माझ्याकडे धावत आले. "अंधार! कळलं का तुम्हाला? इथे वर पडवी होती!" तापीकाठच्या काळ्या मातीचे कण दिसले तेव्हा मी दाराकडे सरकलो, पण सरांनी त्यासाठी जवळपास एक ज्वालामुखी गृहीत धरला. निबंध छापून आला. शेवटी माझे आभार होते, गाळ सुखरूप आणल्याबद्दल.

त्या दिवशी सांगायला हवं होतं. पण सरांनी पेढे वाटले, मला दोन दिले आणि मी ते खाल्ले. मग बढती मिळाली. वर्षं गेली, मामी गेली, मामा गेला, साक्षीला कुणी उरलं नाही. आता सर निवृत्त झालेत आणि त्याच पडवीवर मोठं पुस्तक लिहितायत. परवा मलाच हस्तलिखित दिलं, "तुम्ही सुरुवातीपासून होतात, एकदा नजर घाला" म्हणून. ते माझ्या टेबलावर आहे. उद्या कुणी दुसरा त्याच समुद्रातून दुसरी नळी काढेल, मधल्या थरात त्याला कदाचित कवचं सापडतील आणि खोटे ठरतील ते सर. ज्या माणसानं जन्मात एक कण इकडचा तिकडे केला नाही, तो.

सरांच्या आधी हे तुम्हाला सांगतोय, तेही भीतीपोटीच. तुम्ही माझ्याकडे चष्म्यावरून बघणार नाही. पण पुस्तक छापायला जायच्या आत मी सरांना एक वाक्य देणं लागतो, समोर उभं राहून: सर, मधल्या नळीतला गाळ तापीचा आहे, आणि तो मी भरला. ते अजून दिलेलं नाही.