फादर आणि पातळ वरण

परवा आमच्या कॉलेजातली बारावीची एक पोरगी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. "मॅडम, तुमी शिकल्या ते कॉलेज कसं व्हतं? मी फॉर्म भरू का?" एवढंच विचारलं तिनं. सरळ उत्तर होतं: भर. पण मी एक किस्सा सांगितला, त्याच्या मागून दुसरा आला, मग तिसरा, आणि तिची एस्टी निघून गेली! त्या तीन वर्षांबद्दल कुणी मत विचारलं की माझं असंच होतं. घरातल्या बटणांच्या डब्यात हात घालावा, हवं ते बटण सापडू नये आणि बाकीची सगळी हाताला लागावीत, तसं. मत राहून जातं आणि किस्सेच निघत राहतात.

तर मी मोताळ्याची. शहरातल्या त्या कॅथलिक विद्यापीठात आमच्या बॅचला बुलढाणा जिल्ह्याचे आम्ही तिघंच होतो. मी, शेगावचा गजानन, आणि चिखली तालुक्यातल्या उंद्रीचा सिद्धार्थ. तिघंही बी.ए. अर्थशास्त्राला. आमचे विभागप्रमुख फादर थॉमस. माणूस केरळचा, चष्मा कायम कपाळावर, आणि नावं लक्षात ठेवायची बोंब. म्हणून ते आम्हाला गावानंच हाक मारायचे. "मोताळा, इधर आओ!" "शेगाव, चुप बैठो!" मला माझं नाव आवडत नाहीच, त्यामुळे माझी काही तक्रार नव्हती.

* * *

ॲडमिशनच्या आधी शेजारच्या काकूंनी आमच्या घरात बॉम्ब टाकला होता. "तिथं पोरीइले नन करतात म्हने!" झालं. आई दोन दिवस जेवली नाही.

बाबा सोबत आले ते हाच प्रश्न घेऊन. होस्टेलच्या वॉर्डन सिस्टर लिली यांच्यासमोर बसल्या बसल्या त्यांनी फीचं नाही, जेवणाचं नाही, थेट विचारलं, "सिस्टर, हिले नन त नाही करनार ना?"

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. सिस्टर मात्र रागावल्या नाहीत की हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. नखांना लावलेली जांभळी नेलपॉलिश बघितली. मग शांतपणे म्हणाल्या, "काका, नन होने के लिए रोज़ सुबह पाँच बजे उठना पड़ता है।"

बाबांनी सुटकेचा श्वास सोडला. "मंग काही टेन्शन नाही!"

आणि फॉर्मवर सही केली.

* * *

सिद्धार्थ आमच्यात सगळ्यात हुशार. पुस्तक एकदा वाचलं की झालं. पण बारावीपर्यंत सगळं मराठीत शिकलेला, आणि इथं वर्गात इंग्रजीशिवाय पान हलत नव्हतं. मॅडमनी "एनी डाउट्स?" म्हटलं की याच्याकडे डाउट असायचे, इंग्रजी नसायचं. मग तो डाउट चिठ्ठीवर लिहून गजाननकडे सरकवायचा. गजाननचं इंग्रजी काही फार भारी होतं असं नाही, पण त्याला लाज नावाची गोष्ट देवानं दिलेलीच नाही.

एकदा चिठ्ठीत लिहिलं होतं: यंदा कापसाचा भाव पडला, तरी शेतकरी पुढच्या वर्षी पुन्हा कापूसच का पेरतो? फार चांगला प्रश्न होता. गजानन उठला, चिठ्ठीकडे बघितलं, स्वतःची अक्कल त्यात घातली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "मॅडम, व्हाय फार्मर?"

"व्हाय फार्मर व्हॉट?"

"बस, एवढंच!"

वर्ग पाच मिनिटं हसत होता. गजाननही हसला. सिद्धार्थ खाली मान घालून बसला होता. हसू गजाननवर होतं, पण लागलं याला.

त्याच दिवशी संध्याकाळी गजानन मला मेसच्या पायरीवर भेटला. पहिल्यांदाच त्याचा चेहरा उतरलेला. "सिद्ध्यानं बॅग भरली बे. शनवारची दहाची गाडी हाय. मायले फोन करून सांगतलं त्यानं, कायमचा येऊन राह्यलो म्हने. मले शपथ घातली, कोनाले सांगू नको."

"मंग मले काऊन सांगून राह्यला?"

"तू कोन हायेस? तू त मोताळ्याची!"

म्हणजे मी 'कोणी' नव्हते. मी घरचीच. भांडण करायला सुचलंच नाही मला. दिवस बुधवार होता, आणि सिद्धार्थ गेला तर तो परत येणार नाही हे आम्हा दोघांनाही पक्कं माहीत होतं.

* * *

त्याच आठवड्यात फळ्यावर नोटीस लागली. विद्यार्थ्यांची मतं जाणून घ्यायची आहेत. शुक्रवारी दुपारी तीनपासून फादर थॉमस प्रत्येकाला एकेकटं भेटतील. बोललेलं बाहेर जाणार नाही. जागा: फादरांचं ऑफिस.

सिद्धार्थनं जागा वाचलीच नाही.

शुक्रवारी दुपारी दोनलाच तो चॅपेलवरून चालला होता. दार उघडं. आत पोरापोरींची शिस्तीत रांग. रांगेच्या टोकाला मोठ्या कपाटासारखी एक लाकडी खोली, मध्ये जाळी, जाळीपलीकडे फादर थॉमस. एकेक जण आत जातोय, हळू आवाजात बोलतोय, हलक्या चेहऱ्यानं बाहेर येतोय. मतं देण्याची ही व्यवस्था सिद्धार्थला फार आवडली. तो रांगेत उभा राहिला!

आत गुडघे टेकायला एक बुटकी फळी असते. हा त्या फळीवर चक्क मांडी घालून बसला. जाळीतून फादरांना फक्त याच्या डोक्यावरचे केस दिसले असतील. दहा मिनिटं आत होता. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते, पण चेहरा मोकळा होता.

रांगेतल्या एका गोव्याच्या मुलीला शंका आली. तिनं हळूच विचारलं, "आर यू कॅथलिक?"

सिद्धार्थ म्हणाला, "नो. उंद्री."

* * *

हे त्यानं आम्हाला मेसमध्ये सांगितलं तेव्हा गजाननच्या हातातली पोळी ताटात पडली.

"अबे, तिथं पापं सांगतात!"

"मले काय मालूम? मी त वरनाचं सांगतलं. लय पातळ ऱ्हायते म्हटलं, वाटीचा तळ दिसते."

"दहा मिन्टं वरनाचंच?"

 सिद्धार्थनं वरणाची वाटी तोंडाला लावली.

पण पोरगं सरळ. आपल्या हातून दुसऱ्याच्या धर्मात काही वेडंवाकडं झालं म्हणून बेचैन झालं. जायच्या आधी माफी मागायचीच म्हणाला, आणि धीर यावा म्हणून आम्हा दोघांना सोबत घेऊन गेला. फादर ऑफिसात एकटेच बसले होते. खऱ्या मतांची रांग केव्हाच संपली होती.

"फादर, दुपारी चूक हो गई. मैं वहाँ..."

"कहाँ?" फादरांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. "उंद्री, आज तो मैं तुमको पहली बार देख रहा हूँ।"

 मग फादरांनीच समजावलं. त्या जाळीत जे बोललं जातं ते फादरच्या तोंडून पुन्हा कधीच निघत नाही. पोलिसांसमोर नाही, बिशपसमोर नाही. ज्यानं सांगितलं त्याच्याजवळही फादर आपणहून तो विषय काढत नाहीत.

"पर मैं तो कॅथलिक नहीं हूँ।"

"जाळी को क्या मालूम?" फादर म्हणाले. त्यांना मराठीतले तेवढे चारदोन शब्द यायचे.

सिद्धार्थला तरी एक काळजी उरलीच होती. दारापर्यंत जाऊन तो वळला. "फादर, मंग वरनाचं काय?"

"कौन सा वरन?"

* * *

शनिवारी सकाळी आठ वाजता सिद्धार्थ बॅग घेऊन मेसमध्ये चहाला आला. मी आणि गजानन त्याला सोडायला जायचं म्हणून तयार बसलो होतो. रडायचं नाही असं मी ठरवलं होतं. इतक्यात फादर थॉमस आले, हातात कोरी वही. आमच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. बॅगेकडे बघितलंसुद्धा नाही.

म्हणाले, मी या राज्यात अकरा वर्षं आहे आणि मला मराठी येत नाही, ही लाजेची गोष्ट आहे. मला शिकवा. मी मराठीत चुकेन, तुम्ही सुधारा. तुम्ही इंग्रजीत चुका, मी सुधारेन.

गजानन लगेच म्हणाला, "मी शिकवतो!"

"शेगाव, तुम मज़ाक बहुत करते हो। मोताळा बहुत फ़ास्ट बोलती है।" फादरांनी वही सिद्धार्थसमोर ठेवली. "गुरुजी, स्टार्ट."

आता गुरुजी म्हटल्यावर माणूस उठून कसा जाणार? सिद्धार्थनं एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा वहीकडे, आणि पेन उचललं. पहिला शब्द शिकवला 'काऊन'. मग 'मले, तुले, त्याले'. फादरांचे प्रश्न संपेनात. नऊ वाजले, साडेनऊ झाले, दहा वाजले. साडेअकराला फादरांनी वही मिटली आणि अगदी भाबड्या चेहऱ्यानं विचारलं, "अरे, तुम्हारा आज कोई प्रोग्राम तो नहीं था?"

"नाही फादर."

"तो कल फिर आठ बजे।"

गजानननं बॅग उचलली आणि खोलीवर नेऊन तिच्यातले कपडे दोरीवर टाकले. धुतलेले होते, तरी टाकले! मी मात्र ठरवलेलं मोडलं आणि पोटभर रडून घेतलं.

त्या दिवसापासून फादर रोज आमच्या टेबलावर जेवू लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाक्याला बोलावून सांगितलं की वरण मला जरा पातळ वाटतं. मला! हे माझं मत आहे! पुढच्या सोमवारपासून वाटीचा तळ दिसेनासा झाला.

* * *

फेब्रुवारीत त्यांचा उपासाचा काळ सुरू झाला. चाळीस दिवस काहीतरी आवडीचं सोडायचं. आम्हालाही हुरूप आला. गजानन गुरुवार धरणारा माणूस, त्यानं आवेशात चहा सोडला आणि दुपारपर्यंत त्याचं डोकं चढलं.

फादर त्याला म्हणाले, "शेगाव, ज्याने लोकाइले त्रास होते, ते सोड." तोपर्यंत त्यांची प्रगती झाली होती.

सगळी मेस एका सुरात ओरडली, "गाणं!"

गजानन पहाटे बाथरूममध्ये गायचा. चाळीस दिवस होस्टेल सुखानं झोपलं. ईस्टरच्या पहाटे त्यानं सगळी थकबाकी एकदम वसूल केली. नाश्त्याला लाल डोळ्यांचे फादर म्हणाले, "पुढल्या वर्षी आपण पन्नास दिवस करू."

सिद्धार्थला त्यांनी विचारलं होतं, तू काय सोडतो? तो म्हणाला, "गावाची याद सोडून पाह्यतो."

फादर लगेच म्हणाले, "ते नको सोडू."

बास, एवढंच म्हणाले. मलाही त्या दिवसांत घरची आठवण यायची आणि मी ती लपवत फिरायचे. त्या तीन शब्दांनंतर नाही लपवली.

* * *

दुसऱ्या वर्षी पुण्याहून एक मोठे प्राध्यापक व्याख्यानाला आले. दोनशे पोरं हॉलमध्ये. फादर स्टेजवर पुढे झाले आणि प्रेमानं म्हणाले, "या या, बसा! काऊन उभे राह्यले?"

प्राध्यापक थबकले. मग हसून माईकवरच म्हणाले, "वा, फादर! फक्त तुमचं मराठी जरा ग्रामीण वळणाचं आहे. कुणीतरी चुकीचं शिकवलेलं दिसतंय."

हॉलमध्ये खसखस पिकली. फादर जराही हलले नाहीत. "माहे सर तिथं बसले हायेत," तिसऱ्या रांगेकडे हात करून म्हणाले. "त्याइले इचारा."

दोनशे माना वळल्या. सिद्धार्थ उठला. मी डोळे मिटून घेतले, कारण या पोरानं अजून वर्गातसुद्धा उभं राहून तोंड उघडलं नव्हतं. कुणीतरी माईक त्याच्या हातात दिला.

"सर," तो इंग्रजीत म्हणाला, एकेक शब्द ठेवत, "देअर इज नो मिस्टेक. धिस इज हाऊ माय मदर स्पीक्स."

आणि बसला.  पहिली टाळी त्या प्राध्यापकांनीच वाजवली, हा त्यांचा मोठेपणा सांगितलाच पाहिजे. गजानन माझ्या कानात म्हणाला, "पाह्य, चिठ्ठी नाही लागली."

* * *

मागच्या वर्षी सिद्धार्थनं उंद्रीत घर बांधलं. तो आता अर्थशास्त्रच शिकवतो, इंग्रजीत, आणि त्याच्या वर्गात डाउट कोणत्याही भाषेत विचारलेला चालतो. गृहप्रवेशाला आम्ही गेलो. फादर आता रिटायर झालेत, तरी रेल्वेनं शेगावपर्यंत आले आणि तिथून गजाननच्या गाडीतून. बुद्धवंदना झाली तेव्हा म्हातारबुवा गुडघे दुखत असूनही खाली मांडी घालून, हात जोडून बसले. मला त्या माणसाबद्दल जे वाटतं ते मला कधी नीट बोलता आलं नाही. आम्ही तिघंही आज जे काही आहोत, त्यात त्यांचा वाटा आहे.

दुपारी पंगत बसली. सिद्धार्थची माय स्वतः वाढत होती. फादरांच्या पानाशी आली, वरणाचं भांडं खाली ठेवलं आणि तिथंच बसली.

"फादर, एक इचारू का? पयल्या मयन्यात यानं मले फोन केला व्हता. माय, मी शनवारी येऊन राह्यलो म्हने, कायमचा. मी शेवटच्या एस्टीपर्यंत फाट्यावर बसली. हा काही आला नाही. दुसऱ्या दिशी फोनवर म्हने, माय, मले इथं काम लागलं. काऊन आला नाही, ते मी याले आजपर्यंत इचारलं नाही. यानं तुमाले काई सांगतलं व्हतं का?"

 गजाननचा घास हातातच राहिला. सिद्धार्थनं मान वर केली आणि म्हणाला, "सांगा फादर. माही परवानगी हाय."

फादरांनी चष्मा कपाळावर सरकवला. भातात वरण कालवलं, सावकाश एक घास खाल्ला, आणि मायकडे बघून म्हणाले, "माय, वरन लय घट्ट हाय तुमचं. थोडं अजून वाढा."