सोड्याचा पेला

महाल भागातल्या आमच्या गल्लीत रसायनशास्त्राचे एक निवृत्त मास्तर राहतात. त्यांच्या खिशात कायम लिटमसचे कागद असतात. पोह्यांच्या ठेल्यावर ते लिंबू पिळलेल्या तर्रीत निळा कागद बुडवतात आणि तो लाल झाला, की खाणाऱ्याकडे नापास पोराकडे पाहावे तसे पाहतात.

"आम्ल आहे गा हे. घरी जाऊन सोडा घे."

आम्लात अल्क पडले की मीठ, पाणी आणि एक ढेकर, एवढ्यात त्यांचे सारे वैद्यक आटोपते.

उन्हाळ्यात त्यांच्या बायकोच्या छातीत दुखू लागले. मी तिथेच बसलो होतो. वहिनी घामाने भिजल्या होत्या आणि मास्तर सोडा ढवळत होते. "दवाखाना काहून? पित्त आहे."

तो हृदयविकाराचा झटका निघाला. वहिनी वाचल्या. तेव्हापासून मास्तर सांगत फिरतात, "माह्या सोड्यानं वाचवलं तिले. विचारा भाऊले." भाऊ म्हणजे मी. शेजारधर्म म्हणून मी मान हलवत आलो.

परवा समोरच्या काकू छाती धरून मास्तरांच्या दारात सोडा मागायला आल्या. त्यांना मी दवाखान्यात नेले, आणि आता खरे सांगतो. वहिनींनी त्या सोड्याचा थेंबही घेतला नव्हता. "तुम्हीच प्या," म्हणत त्यांनी पेला मोरीत ओतला, जिना उतरल्या आणि एकट्याच ऑटोत बसून गेल्या. आम्ही दोघे तेव्हा वर, दुसरा पेला करावा का, यावर बोलत होतो.